वाघ ‘येईन’ म्हणाला

वाघाला बोलायला एकच शब्द असतो, आणि तोसुद्धा मला धड बोलता आला नाही. गावात माझी ओळख आता हीच. चाकणच्या कंपनीत बारा वर्षं प्रेस मशीनवर काढली, दहाच्या दहा बोटं शाबूत ठेवली, त्याचं कुणाला कौतुक नाही. एसटीतून उतरलो की कुणीतरी विचारतंच, ‘येईन म्हणणारा वाघ तो तूच का रं?’

तर आधी वाघाचं सांगतो. आम्ही महादेव कोळी. आमचं गाव खेड तालुक्याच्या पश्चिमेला, जिथं एसटी संपते आणि डोंगर सुरू होतो. दिवाळीच्या तोंडावर इतर ठिकाणी वसुबारस असते, लोक गाय-वासराला ओवाळतात. त्याच दिवशी आमच्याकडे वाघबारस. आम्ही गुरं राखणारी माणसं. गाय आमचं ऐकतेच, ऐकत नाही तो वाघ. म्हणून बोलणी करायची ती त्याच्याशी. शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. घराघरांतून तांदूळ, दूध, गूळ गोळा करायचा, तिथं चूल मांडून खीर शिजवायची आणि एका माणसाला वाघ करायचं. अंगाला हळद, तिच्यावर काजळीचे पट्टे, मागं दोराची शेपटी. मग सगळं गाव काठ्या घेऊन त्याला घेरतं आणि विचारतं, ‘आमच्या शिवेला येशील का?’ वाघानं म्हणायचं, ‘न्हाई!’ ‘गुरांना हात लावशील का?’ ‘न्हाई!’ ‘पोराबाळांच्या वाटेला जाशील का?’ ‘न्हाई!’ की लगेच पोरं आरडाओरडा करत त्याला हाकलतात आणि वाघ शीव ओलांडून पळतो. पलीकडे ओढा आहे, तिथं त्यानं रंग धुवायचा. रंग अंगावर आहे तोवर ‘न्हाई’शिवाय तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही, कारण तेवढा वेळ बोलतो तो माणूस नसतो. आणि वाघानं दिलेला शब्द वर्षभर चालतो.

वाघाचा मान आमच्या घराकडे. आजा वाघ झाला, बाप झाला, मग मी. तीन प्रश्न, तीन उत्तरं, तीनही सारखी. दुसरीतल्या पोराला जमेल असं काम. पण मला दारू लागली होती.

दारू मी गावात शिकलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शहरातल्या लोकांना वाटतं, डोंगरातला माणूस म्हणजे पिणाराच. माझा बाप चहासुद्धा बशीत ओतून, दहा वेळा फुंकून प्यायचा. मी शिकलो चाकणला. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. माझ्या शेजारच्या मशीनवर एक मराठवाड्याचा गडी होता, सोन्यासारखा माणूस, दुपारच्या डब्यातलं अर्धं मला द्यायचा. तो म्हणायचा, ‘भावा, अंग दुखतंय का? चल, औषध घेऊ.’ अंग तर रोजच दुखायचं. मग ओव्हरटाइम झाला म्हणून, नाही झाला म्हणून, साहेब ओरडला म्हणून, साहेब रजेवर गेला म्हणून. तरी मी छातीठोकपणे सांगायचो, की मी बेवडा नाही, माझं नुसतं शिफ्टपुरतं पिणं आहे. त्यावर बायको म्हणायची, ‘कंपनीच्या तीन शिफ्टा हायेत. तुमची चौथी कोणती?’ बायको आमच्याच भागातली. तिचं तोंड सुरू झालं की मशीनचा आवाज बरा वाटतो. खरं सांगायचं तर ती एकही शब्द खोटं बोलत नव्हती, म्हणूनच मला तिचा राग यायचा. एकदा भरल्या ताटावरून मी तिच्यावर तांब्या भिरकावला. लागला नाही. पण पोरगी ताटावरून उठून मोरीत जाऊन बसली, ती बाहेर येईना. ती तेव्हा आठ वर्षांची होती. हे लिहिताना आजही मला माझीच लाज वाटते.

त्या वर्षीच्या वाघबारशीला मी सकाळीच चाकणला घेतली आणि मग एसटीत बसलो. सुट्टी लागली होती, प्यायला तेवढं कारण पुरे होतं. गावात पोचलो तेव्हा मी कमालीचा प्रेमळ झालो होतो. चढली की मला सगळं जग आपलं वाटायचं. हळद लागली, पट्टे ओढले गेले, शेपटी बांधली. वाघोबाची पूजा करणारे आमच्या गावचे म्हातारे पुजारी, त्यांना लहानथोर सगळेच म्हातारबा म्हणतात, ते पुढं आले. मागं सगळं गाव. पहिल्याच रांगेत माझी पोरगी, हातात तिच्याहून उंच काठी.

‘आमच्या शिवेला येशील का?’ म्हातारबांनी विचारलं.

मी हात पसरले आणि म्हणालो, ‘येईन की! का न्हाई येणार? आपलंच गाव हाय!’

खीर ढवळणाऱ्याचा हात थांबला. म्हातारबांना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. त्यांनी घसा खाकरून दुसरा प्रश्न टाकला, ‘गुरांना हात लावशील का?’

मी जरा विचार केला. ‘एखादं घेईन, राव. जास्त न्हाई.’

‘गप बस, मुडद्या!’ मागून माझी चुलती ओरडली. पण म्हातारबा नियमाचे पक्के, सुरू केलेलं अर्धवट सोडत नाहीत. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. मी त्यांच्या गळ्यात पडलो आणि म्हणालो, ‘म्हातारबा, तुमच्याकडं तर पहिला येतो. च्या ठेवा.’ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर माझे काजळीचे पट्टे उमटले, ते म्हणे आजतागायत निघालेले नाहीत.

पोरांना कळेना, आता पळवायचं की काय करायचं. वाघ पळतच नव्हता. तो खिरीच्या पातेल्याशेजारी आडवा झाला आणि घोरायला लागला. हे सगळं मला नंतर सांगण्यात आलं, आणि प्रत्येकानं वेगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी सारखीच सांगितली. माझी पोरगी काठी घेऊन माझ्याजवळ उभी होती आणि कुणाला हसू देत नव्हती.

आठव्या दिवशी बिबट्यानं चुलतीची शेळी नेली. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

मी गावाला पुष्कळ समजावलं. म्हटलं, बिबटे दरवर्षी शेळ्या नेतात, उसात राहतात, अहो, चाकणला कंपन्यांच्या मागं फिरतात, तिथं काय मी बोलावलं होतं? चुलती पदर खोचून उभी राहिली. ही माझ्या चुलत्याची बायको, पोरबाळ नाही, चुलता जाऊन बरीच वर्षं झालेली, शेळ्या हाच तिचा संसार. ती म्हणाली, ‘आवतण दिल्यावर येनारच की तो! तू म्हनलास एखादं घेईन. एखादंच नेलं. शब्दाचा पक्का निघाला तो. तुझ्यापरीस बरा.’



मी म्हटलं, दंड भरतो. म्हातारबा म्हणाले, ‘दंड भरून तू मोकळा व्हशील, शब्द तसाच ऱ्हाईल. शब्द तुझ्या तोंडानं बिघडलाय, तुझ्याच तोंडानं नीट व्हायला पायजे.’ मग शिवेवर बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं. चाकणला आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी मी पहिल्या एसटीनं यायचं, दिवसभर चुलतीच्या उरलेल्या शेळ्या शिवेच्या कडेनं राखायच्या, आणि परत जाताना वाघोबापुढं उभं राहून तीनदा मोठ्यानं ‘न्हाई’ म्हणायचं. असं पुढच्या वाघबारशीपर्यंत. आणि तोंडाला वास असेल तर शिवेच्या आत पाय टाकायचा नाही. वास कोण घेणार? मोठी माणसं भिडेखातर खोटं बोलतील, म्हणून ते काम पोरांना दिलं.

बायकोनं ते सगळं ऐकून घेतलं. चाकणला परत आल्यावर तिनं पोरीचं दप्तर भरलं आणि ताथवड्याला भावाकडे निघाली. तिचा भाऊ तिथं एका कॉलेजच्या मेसमध्ये स्वयंपाक करतो. दारात उभी राहून म्हणाली, ‘पुढच्या वाघबारशीला वाघ काय म्हनतो ते ऐकायला मी येनार. नीट बोलला तर बघू. तवर आमच्या मागं येऊ नका. आनि त्या दिशीबी पिऊन आलात, तर मंग मला नवरा न्हाई आनि हिला बाप न्हाई.’ ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडली नाही, त्यामुळे मी घाबरलो.

पहिल्या गुरुवारी मी तयारीनं गेलो. आदल्या दिवशी घेतली होती, पण सकाळी दोनदा दात घासले, बडीशेप खाल्ली, वेलची चावली, वर अर्धा कांदा खाल्ला. शिवेवर तीन पोरं उभी. त्यांची पुढारी सहावीतली, दोन वेण्यांची एक मुलगी. ‘काका, वाका.’ मी वाकलो. ‘हा करा.’ मी हा केला. तिनं डोळे मिटून वास घेतला, मग बाकीच्या दोघांनी घेतला, तिघांनी बाजूला जाऊन चर्चा केली आणि निकाल दिला, ‘कालची हाय. वर कांदा हाय.’ त्याच एसटीनं मी परत. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, ‘काय, नापास का?’ म्हणजे त्यालाही माहीत होतं!

दुसऱ्या गुरुवारीही नापास. तिसऱ्या आठवड्यात मी सोमवारीच एकदम बंद केली, आणि बुधवारी माझे हात असे कापायला लागले की सुपरवायझरनं मशीनवरून उठवलं. सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाई चिडल्या. म्हणाल्या, रोज पिणाऱ्यानं अशी मनानं एकदम सोडायची नसते, जिवावर बेततं. दोन दिवस ठेवून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं. त्या गोळ्यांनी कापरं थांबलं, हे मी मान्य करतो. पण गोळ्या कापरं थांबवतात. साडेतीन वाजता कंपनीच्या गेटमधून बाहेर पडल्यावर पाय डावीकडे वळतात, ते थांबवायला गोळी नाही. तिथं मला त्या दोन वेण्या दिसायच्या. देवाची भीती वाटली नाही, बायकोची वाटली नाही, आणि सहावीतल्या पोरीच्या नाकाची वाटायला लागली.

मराठवाड्याचा गडी म्हणायचा, ‘भावा, आज तर शुक्रवार आहे. गुरुवारपर्यंत उडून जाईल.’ हिशोब बरोबर होता. मीही तो मनात करून ठेवलेला होता. पण पोरं बेरकी. त्यांनी पुढं विचारायला सुरुवात केली, ‘काका, परवा? तेरवा?’ आणि मी उत्तर देताना माझ्या डोळ्यांत बघायची. म्हातारबांनी शिकवलं असणार. खोटं बोलायला मी काही कमी नव्हतो, कंपनीत रजेसाठी एकाच आत्याला तीनदा मारलं होतं. पण शिवेवर, शेंदराच्या दगडाशेजारी उभं राहून खोटं बोलायला जीभ वळेना. तिथं एकदा काय बोललो होतो, ते दगडाला ठाऊक होतं.

शेळ्या राखणं सोपं असेल असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस येऊन दाखवावं. सात शेळ्या, सात दिशा. चुलती बरोबर यायची, हातात काठी, तोंडाचा पट्टा चालू. गेलेल्या शेळीचे गुण ती मला दर गुरुवारी ऐकवायची. ती शेळी वळणाची होती, दुसऱ्याच्या शेतात कधी गेली नाही, नुसत्या हाकेला यायची. मी मनात म्हणायचो, मरायच्या आधी हीच शेळी तुझ्या शिव्या खात होती. पण दुपारी झाडाखाली ती नाचणीची भाकरी माझ्यापुढं आधी ठेवायची, आणि बोलता बोलता शिवेवरच्या एकेका धोंड्याचं, ओहळाचं नाव सांगायची. इथं तुझा आजा पावसात अडकला होता. इथं तुझ्या बापानं पहिल्यांदा वाघ पाहिला आणि धोतर सोडून पळाला. एकदा म्हणाली, ‘तुझा बाप वाघ व्हायच्या आधी सात दिस मीठ खात नसं. कुनाला वाकडं बोलत नसं. म्हनायचा, ज्या तोंडानं गावासाठी बोलायचं ते तोंड आधी धुवावं.’ हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, वाघाला हळद आणि शेपटी लागते.

असं म्हणता म्हणता उन्हाळा आला. मग मी घसरलो. मराठवाड्याच्या गड्याची बदली झाली, त्याला निरोप द्यायचा होता, तो माझ्या गळ्यात पडून रडला. मीही रडलो, आणि मंगळवार-बुधवार कुठं गेले ते कळलं नाही. गुरुवारी सकाळी जाग आली तेव्हा पहिलं मनात आलं, जाऊच नये. आजारी आहे म्हणून कळवावं. पण पाय आपोआप एसटी स्टँडकडे गेले. शिवेवर दोन वेण्या पुढं आल्या. मी म्हटलं, ‘वास नको घेऊस. घेतलीय.’ ती पोरगी इतकी खट्टू झाली की मलाच तिची समजूत घालावीशी वाटली. परत जाणारी एसटी लागली होती. मी तिच्यात बसलो नाही. शिवेच्या अलीकडे, धोंड्याला टेकून उन्हात बसून राहिलो.

दुपारी चुलती आली. शिवेच्या तिच्या बाजूला बसली, फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि हात लांब करून अर्धी माझ्याकडे दिली. ‘भाकरीला शीव न्हाई,’ म्हणाली. शेळ्या खुशाल इकडून तिकडं जात होत्या. मी भाकरी खात होतो आणि ढसाढसा रडत होतो, आणि एक शेळी माझ्या शर्टाची बाही चावत होती. तिला हाकलायला गेलो तर चुलती म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. शर्टाला तसाबी वास हाय.’

त्यानंतर घेतली नाही. पावसाळा भिजून काढला, इरलं पांघरून शेळ्यांमागं हिंडलो. ताथवड्याला मी गेलो नाही, फोन मात्र करायचो. पोरगी एवढंच विचारायची, ‘पास का?’ मी म्हणायचो, ‘पास.’ मग ती फोन आईकडे द्यायची आणि आई तो कट करायची. पण लगेच नाही. जरा थांबून.

आणि वाघबारस आली. सात दिवस मी मीठ सोडलं होतं. अळणी आमटी खाऊन चाकणच्या माझ्या मेसवाल्याच्या सात पिढ्यांचा मनात उद्धार केला, पण तोंडानं नाही. हळद लागली, काजळीचे पट्टे ओढले. म्हातारबांनी नवा सदरा घातला होता आणि ते माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले. गाव तर आलंच होतं, शेजारच्या दोन वाड्यांची माणसंही आली होती, फुकटचा तमाशा कोण सोडतो? मी गर्दीत बायकोला शोधत होतो. ती दिसेना. दुसऱ्या एसटीची वेळ टळून गेली होती. मला वाटलं, संपलं.

‘आमच्या शिवेला येशील का?’

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि माझी पोरगी धापा टाकत पुढं आली. काठी आता तिच्याएवढीच होती. मागं तिची आई, पायांवर धूळ, एसटी चुकली म्हणून जीपनं आलेली.

‘न्हाई!’ मी असा ओरडलो की म्हातारबा दचकून मागं सरले. ‘गुरांना हात लावशील का?’ ‘न्हाई!’ ‘पोराबाळांच्या वाटेला जाशील का?’

मी पोरीकडे बघतच राहिलो. मला मोरीत बसलेली ती दिसली. लोकांना वाटलं, झालं, हा पुन्हा काहीतरी बोलणार. चुलतीनं तर काठी उचललीच. ‘न्हाई,’ मी म्हणालो, पोरीकडे बघून, हळू. ‘न्हाई.’

मग जो गलका झाला! पोरं धावली, मी पळालो, शेपटी पायात आली, पडलो, उठलो, शीव ओलांडली. बाकीची पोरं दगडापाशी थांबली. माझी थांबली नाही. ओढ्यापर्यंत मागं आली, काठीवर टेकली आणि म्हणाली, ‘बाबा, मामाकडं येशील का? आमाला न्यायला?’

मी तोंड उघडलं आणि मिटलं. अंगावर रंग होता! रंग असताना एकच शब्द, आणि इथं तो शब्द म्हणालो तर सगळंच बुडालं. मी धाडकन ओढ्यात बसलो आणि वाळूनं अंग घासायला लागलो. हळद निघते, काजळी निघत नाही. पाणी बर्फासारखं गार. बायको काठावर येऊन उभी राहिली. ‘मानेमागं राहिलंय,’ ती म्हणाली. मी मान घासली. ‘कानामागं.’ कान घासला. जन्मात इतका स्वच्छ झालो नव्हतो.

शेवटी पोरगी पाण्यात उतरली. ‘बाबा, वाक,’ म्हणाली. मी वाकलो. ‘हा कर.’ मी हा केला. तिनं डोळे मिटून, अगदी त्या दोन वेण्यांसारखा, सावकाश वास घेतला, आणि वळून आईला सांगितलं, ‘काय न्हाई. नुसता काजळीचा येतोय.’

‘मंग विचार त्यांना परत,’ बायको म्हणाली.

तिनं विचारलं.

‘येईन,’ मी म्हणालो.